आयला की आईला

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लेथवर काम करायचे. मी त्यांच्या शेजारच्या लेथवर. आमच्या वर्कशॉपात लोखंडाचे दांडे येतात आणि त्यांचे शाफ्ट आणि बुश होऊन बाहेर जातात, आणि मधल्या वेळात जे काही होतं त्याला मुख्यतः शिव्या लागतात. टूल तुटलं, शिवी. वीज गेली, शिवी. चहा गार आला, शिवी. काम झकास झालं तरी शिवीच, फक्त जरा लांबवून आणि मान हलवत. मी स्वतः दिवसातून किती वेळा 'आयला' म्हणतो हे मला विचारू नका. मी कधी ऐकतच नाही ते.

अशा जागी दाजींनी उभी हयात काढली आणि त्यांच्या तोंडून कुणी एक शिवी ऐकली नाही. सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण वर्कशॉपात त्यांचं नाव पडलं गुरुजी. एकदा नट आवळायची हातभर लांबीची लोखंडी चावी त्यांच्या पायावर पडली. अंगठा काळानिळा झाला. दाजी पाय धरून खाली बसले, डोळ्यांत पाणी आलं, ओठ थरथरायला लागले. सगळ्या मशिनी बंद झाल्या. पलीकडच्या वेल्डरने तर तोंडावरचा मुखवटा वर करून कान टवकारले. आज येणार, आज नक्की येणार. दाजींनी मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "धन्य आहे." वेल्डर इतका हिरमुसला की त्या दिवशी त्याने डबाही नीट खाल्ला नाही.

दुसऱ्यांच्या शिव्यांबद्दल ते फारसं बोलत नसत. फक्त 'आयला' आणि तिच्या सगळ्या थोरल्या बहिणी कानावर आल्या की लेथवरून मान न उचलता म्हणायचे, "शिवी द्यायची तर तुझी तू दे. आईला कशाला कामाला लावतोस? तिला घरी कामं कमी आहेत का?" ऐकणारा ओशाळायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जिभेला आवर घालायचा आणि सुट्टीनंतर पहिले पाढे पंचावन्न.

हा माणूस शिव्या का देत नाही यावर आमच्यात बरंच डोकं चाललं. ड्रिलवाल्याचं म्हणणं, त्यांनी कुणाला तरी शब्द दिलाय. वेल्डर म्हणायचा, ब्लडप्रेशर. माझं मत असं की दाजी मुळात काटकसरी, साबणाचा उरलेला तुकडासुद्धा टाकत नाहीत, ते शब्द कशाला उधळतील. एकदा मी सरळ विचारलं. ते म्हणाले, सवय नाही. हे काय उत्तर झालं? सवय नसायला आधी काहीतरी व्हावं लागतं, एवढं मला कळत होतं. पण बहिणीचा नवरा पडला, जास्त खोदून विचारायची सोय नव्हती.

मग एका सकाळी दात घासताना दाजी मोरीत कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेली. जीव वाचला. दवाखान्यात दोन-चार दिवस ते नुसते टक लावून बघत होते. ताई उशाशी बसून 'अहो, अहो' करत होती. एकदा सकाळी सिस्टर औषध द्यायला आली आणि सवयीने म्हणाली, "काय काका, कसं वाटतंय?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं, वाकड्या तोंडाने जोर लावला आणि म्हणाले, "आयला."

मला आधी आनंदच झाला. माणूस बोलला. सिस्टरही हसली, तिला हे रोजचंच असावं. पण ताईचा चेहरा असा पांढरा पडला की जणू दाजी पुन्हा एकदा कोसळले. आणि दाजी? त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या तोंडावर ठेवला. शाळेतल्या पोराने फळ्यावर चुकीचं लिहिल्यावर पाहावं तसं आमच्याकडे पाहू लागले. मग हात काढून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच आलं. पुन्हा हात तोंडावर.

एवढा एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता. पाणी हवं, आयला. दिवा बंद करा, आयला. ताईने केसांतून हात फिरवला, डोळे भरून आले, आयला. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आम्हाला समजावलं की असं होतं. आपण जुळवून बोलतो ती वाक्यं मेंदूच्या एका बाजूला असतात, ती बाजू दुखावली. आपोआप तोंडातून निघणारे शब्द, मोजणी, प्रार्थना, शिव्या, हे दुसरीकडे कुठेतरी असतात, ते वाचतात. त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. जे येईल ते येऊ द्या. त्याच एका शब्दाच्या मागून बाकीचे येतील. पण त्यांनी लाजून तोंड मिटलं, प्रयत्नच सोडला, तर पुढे वाचा परत येणं कठीण आहे. आत्ताचे हे महिनेच कामाचे आहेत.

मी मान डोलावली. ताईने ऐकलं की नाही कोण जाणे. तिने मला बाहेर बोलावून विचारलं, "तू वर्कशॉपात कधी ऐकलं होतंस त्यांच्याकडून?" मी नाही म्हणालो. "मग आपोआप निघणारा कसा? जो शब्द माणसाने जन्मात काढला नाही तो आपोआप कसा निघेल?"   मी रोज उठता-बसता तो शब्द म्हणणारा माणूस. मी पडलो असतो आणि हेच झालं असतं तर कुणी भुवईसुद्धा उचलली नसती.

दाजी घरी आले तेव्हापासून घोळ आणखी वाढला. शेजारच्या काकू तब्येत विचारायला आल्या. दाजी त्यांच्याकडे बघून अगदी आदराने, मान झुकवून, 'आयला' म्हणाले. काकू चहा न घेता गेल्या. ताईने त्यानंतर बाहेरच्या खोलीचं दार लोटून घ्यायला सुरुवात केली. कुणी आलं की दाजी झोपलेत. दाजींनी तोंड उघडलं की ताई पुढे होऊन म्हणायची, "अहो, नको. पडून राहा बरं." ती हे प्रेमानेच म्हणायची. पण मला तिचा राग यायचा, आणि राग आला की वाईटही वाटायचं, कारण ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची हे मला माहीत होतं.

वर्कशॉपातली मंडळी आली त्यांना मात्र मी आत घेतलं. ज्या एका शब्दासाठी या लोकांनी इतकी वर्षं जिवाचं रान केलं, तो दाजींनी दारातच त्यांच्या हातावर ठेवला. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. वेल्डर दाजींचा निकामी हात हातात धरून बसला आणि म्हणाला, "गुरुजी, आईला कशाला कामाला लावता?" म्हणजे त्याने गंमत करायला तोंड उघडलं होतं, पण वाक्य संपेपर्यंत त्याचा आवाजच गेला. दाजींनी हात सोडवून घेतला आणि तोंडावर ठेवला. त्या दिवसानंतर ते जवळजवळ बोललेच नाहीत.

त्या रात्री, का कोण जाणे, वेल्डरचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. आईला. कागदावर लिहिलं तर आयला वेगळं आणि आईला वेगळं. एक शिवी आणि एक साधा शब्द. आईला सांग, आईला बोलाव. पण कानाला काय कळतं? त्यातून निम्मं तोंड वाकडं झालेल्या माणसाच्या बोलण्यात य कुठला आणि ई कुठली, हे कोण सांगणार? मला एकदम वाटलं की आपण सगळे गाढव आहोत. हा माणूस शिवी देतच नाहीये. हा आईला बोलावतोय.

दाजींची आई हयात होती. थोरल्या मुलाकडे दुसऱ्या गावी राहायची, बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. तिला आम्ही सांगितलं होतं की जरा अशक्तपणा आहे, विश्रांती चालू आहे. तिचा फोन आला की ताई म्हणायची, आत्ताच डोळा लागलाय. किती वेळा डोळा लागणार?

मी ताईला माझा शोध सांगितला. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"ते त्यांना आई म्हणत नाहीत," ती म्हणाली. "अक्का म्हणतात. लहानपणापासून अक्का. घरातले दीर-जावा अक्का म्हणायचे, पोरंही तेच शिकली. आता या आजारपणात नवीन हाक कुठून आणतील?"

हे खरं होतं. मीही त्यांना अक्काच म्हणायचो. तरी मी हट्टाने म्हणालो की मग नवीन शिवी तरी कुठून आणतील?

 ताई म्हणाली, शिवी नवीन नाही. शिवी घरातलीच आहे. तिच्या सासऱ्यांना मी लग्नात पाहिलं होतं तेवढंच, नंतर ते लवकर गेले. ताईने त्यांच्याबरोबर दोन-तीन वर्षं काढली होती. तो माणूस मारझोड करत नसे, पीत नसे. पण दिवसभर तो एक शब्द. चमचा पडला, तुझ्या आयला. दार करकरलं, तुझ्या आयला. चपलेचा अंगठा तुटला, तुझ्या आयला. आणि ती आई समोर भाकरी थापत असायची. "तुझे दाजी मला एकदाच म्हणाले होते," ताई म्हणाली. "'आमच्या घरात आई हा शब्द फक्त शिवीत ऐकू यायचा, म्हणून मी तिला त्या शब्दाने कधी हाकच मारली नाही, अक्काच म्हणत राहिलो.' अक्कांनी आपल्याकडून तरी ती शिवी ऐकू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि आता तू म्हणतोस अक्कांना बोलावू. म्हातारपणी मुलाच्या तोंडून नवऱ्याची शिवी ऐकवायची त्यांना?"

म्हणजे वर्कशॉपात आम्ही जे कोडं घालत बसलो होतो त्याचं उत्तर असं स्वयंपाकघरात पडलं होतं. मला ते मिळाल्याने शहाणपण आलं असं मात्र नाही. उलट गोंधळ वाढला. ज्याने आईपायी शिवी टाकली आणि शिवीपायी आई ही हाक टाकली, त्याच्याजवळ शेवटी उरलं काय, तर तेच. शिवी म्हणून की आई म्हणून?

मी प्रयोग करून पाहिला. ताई बाजारात गेली होती. अक्कांचा फोटो दाजींसमोर धरला. बऱ्याच विनवण्या केल्यावर त्यांनी तोंडावरचा हात काढला आणि म्हणाले, "आयला." माझी छाती फुगली. मग खात्री करावी म्हणून चमचा दाखवला. आयला. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. आयला. मी स्वतःकडे बोट केलं. तेच. विचारलं, अक्कांना आणू का? त्यांनी आधी मान हलवली, मग डोलावली, मग डोळे मिटून घेतले. मी म्हणालो, आयला, दाजी, काहीतरी एक सांगा. त्यांनी डोळे न उघडता हात परत तोंडावर ठेवला.

त्यानंतर ते कुणासाठीही हात काढेनात. शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या, चित्रं दाखवायच्या, दाजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. बाईंनी जाताना ताईला स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर आपल्या येण्याला अर्थ नाही. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी ताईला न विचारता पहाटेची बस पकडली.

अक्कांनी मला दारात पाहिलं आणि काही न विचारता पिशवी भरायला घेतली. त्यांना कुणी फसवू शकलं नव्हतं. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, मी शेजारी. त्यांना आधी कल्पना द्यायला हवी होती. मी सांगितलं की पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू गेलीय. त्यांनी मान डोलावली. सांगितलं की बोलणं गेलंय. एकच शब्द येतो.

"कोणता?" अक्का म्हणाल्या.

आणि माझी दातखीळ बसली. जो शब्द मी मशिनीला, हवेला, स्वतःच्या सावलीला म्हणतो, तो त्या म्हातारीच्या तोंडावर म्हणता येईना. "येईल कानावर," एवढंच म्हणालो. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग बाहेर बघू लागल्या. पुढचा सगळा रस्ता मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या देत होतो, आणि त्या सगळ्यांत कुणाची ना कुणाची आई येतच होती.

ताईने दार उघडलं. माझ्याकडे तिने जसं बघितलं ते मी इथे सांगत नाही. अक्कांनी पाय धुतले, पदराने हात पुसले आणि आत गेल्या. दाजी पलंगावर टेकून बसले होते. आईला पाहिलं आणि त्यांचा डावा हात असा झपकन तोंडावर गेला की हाताखालची उशी जमिनीवर पडली. वर डोळे नुसते वाहत होते.

अक्का पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांच्या केसांवरून, मग त्या निकामी हातावरून हात फिरवला. बोटं एकेक करून दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "हात काढ."

दाजींनी मान हलवली. नाही.

अक्कांनी त्यांचं मनगट धरलं. म्हातारीच्या अंगात काय जोर असणार, पण दाजींचाच जोर ओसरला. हात खाली आला. ओठ मिटलेले होते, मिटलेल्या ओठांच्या आत काहीतरी धडका देत होतं. मी दारात उभा होतो. ताई माझ्यामागे, तिने माझा शर्ट मुठीत धरला होता. मला त्या क्षणी वाटलं की आपण फार मोठं पाप केलंय, आणि आता ते थांबवता येणार नाही.

"आयला," दाजी म्हणाले.

अक्कांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही.

"ओ," अक्का म्हणाल्या.

दाजी बघतच राहिले. मग पुन्हा म्हणाले. या वेळी जरा सावकाश.

"ओ. आले ना मी. इथेच आहे."

ताईला राहवलं नाही. ती पुढे येऊन अक्कांच्या पायाशी बसली आणि रडत सांगू लागली की मनावर घेऊ नका, ते मुद्दाम म्हणत नाहीत, आजार बोलतोय, त्यांना शिवी द्यायची नाहीये.

"शिवी मला कळते गं," अक्का म्हणाल्या. "जन्म गेला ऐकण्यात. पण तो माणूस कधी माझ्याकडे बघून नाही म्हणाला. चमच्याकडे बघायचा. दाराकडे बघायचा. मी तिथेच असायचे, पण मला ओ द्यायला जागाच नसायची. हा माझ्याकडे बघतोय."

एवढं बोलून त्या दाजींकडे वळल्या. "म्हण तू. परत म्हण."

ती हाक होती की शिवी होती, हे अक्कांना कळलं होतं की त्यांनी तसं ठरवून टाकलं, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. दाजी म्हणत होते आणि अक्का ओ देत होत्या. किती तरी वेळ हेच चाललं. कधी दाजींचा आवाज चढायचा, कधी अर्ध्यावर तुटायचा, पण अक्का प्रत्येक वेळी ओ देत होत्या. तुटला तरी देत होत्या. दाजींचा हात पलंगावर पडून होता, तो वर आला नाही.

मग दाजींनी मान वळवली आणि ताईकडे बघितलं. थेट तिच्याकडे. वाकड्या ओठांनी जुळवाजुळव केली आणि तिलाही तेच म्हणाले.

ताई गडबडली. तिने अक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले, मला तरी काय कळत होतं. दाजी तिच्याकडे बघत थांबले होते. ताईने डोळे पुसले, पदर सारखा केला.

"ओ," ती म्हणाली.